गिअरबॉक्सचं रबर

आरती खोडके शनिवारी काय करते, हे तिच्या ऑफिसातल्या माणसांना सांगितलं तर पटकन खरं वाटत नाही. अमरावतीच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ती नोकरीला आहे. शेतकरी पिशव्यांतून माती आणतात, ती आठवडाभर वाळवते, कुटते, चाळते, नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे काढते, आणि फारसं बोलत नाही. सदतिशी ओलांडली, लग्न केलं नाही, त्याबद्दल विचारणारेही आता थकले. शनिवारी मात्र ती आपली जुनी एस्टीम घेऊन अकोल्याला जाते आणि शहराबाहेरच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या मैदानात नारिंगी शंकूंच्या मधून ती गाडी पळवते.

याला ऑटोक्रॉस म्हणतात. एका वेळी एकच गाडी सुटते, शर्यत असते ती घड्याळाशी, आणि शंकू पाडला की वेळेत भर पडते. अकोल्यातल्या हौशी लोकांनी क्लब काढला आहे. वर्षातून तीनदा स्पर्धा होते, एरवी शनिवारी सराव. बायकांचा वेगळा गट ठेवलेला नाही, कारण बाई ही एकटीच.

गाडी तिच्या भावाची. धर्मेंद्र तिच्याहून बराच मोठा. सोयाबीन निघाल्यावर रिकाम्या झालेल्या वावरात त्यानेच तिला स्टिअरिंगवर बसवलं होतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. मागे राहिली त्याची बायको कौशल्या आणि अंगणात ताडपत्रीखाली उभी ही गाडी. मूलबाळ नव्हतं. आरती भाड्याची खोली सोडून साईनगरला वहिनीकडे राहायला आली, आणि दोघींचं घर झालं.

वर्षभर गाडीला कोणी हात लावला नाही. मग एक दिवस कौशल्याने किल्ली आणून आरतीच्या हातात दिली.

"उभ्या उभ्या सडून राहिली. तू चालव," ती म्हणाली. "त्याईले बरं वाटलं असतं."

कौशल्या शिवणकाम करते. अकोल्याला गांधी रोडवर शाळेच्या गणवेशांचं एक दुकान आहे, तिथून कापलेल्या कापडाचे गठ्ठे आणायचे आणि शिवलेले कपडे नेऊन द्यायचे, असं तिचं काम. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून तिच्या कमरेची नस दबली, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून ती साडीवर रुंद पट्टा बांधते. दोघींचा शनिवार ठरून गेला होता. सकाळी निघायचं, मूर्तिजापूरला चहासाठी थांबायचं, कौशल्याला दुकानापाशी सोडून आरतीने मैदानावर जायचं आणि संध्याकाळी तिला घेऊन परतायचं.

त्या प्रवासात एक गोष्ट व्हायची, जी घरी कधी होत नसे. गाडी बडनेऱ्याच्या पुढे लागली की कौशल्या धर्मेंद्रबद्दल बोलायची. तो पहिल्यांदा तिला बघायला आला तेव्हा बूट उलटे घालून आला होता, ते. भांडण झालं की तो जेवायचा नाही, पण गाडीत बसून गुपचूप फल्लीदाणे खायचा, ते. घरी तिने त्याचं नाव काढलं की तिचा आवाज अडखळायचा. गाडीत मात्र ती समोर रस्त्याकडे पाहत सांगत जायची, आणि आरती ऐकत गाडी हाकायची.

फेब्रुवारीतल्या स्पर्धेत गाडीने दगा दिला. डावीकडचं घट्ट वळण होतं. आरतीने दुसरा गिअर टाकायला दांडी ओढली आणि ती अडली. खालून धाडकन आवाज आला. गिअर पडेपर्यंत गाडी फरफटत जाऊन दोन शंकूंवर गेली. त्या मोसमात ती पहिल्या तिघांत येणार असं सगळे म्हणत होते. नाव लागलं शेवटून दुसरं. 

सोमवारी ऑफिस सुटल्यावर ती वलगाव रोडला बशीरभाईंच्या गॅरेजात गेली. त्यांनी गाडी वर उचलली, टॉर्च मारला आणि पहार लावून गिअरबॉक्स जरासा उचकला. तो इतका हलला की आरतीलाही खालून दिसलं.

"फाउंडेशनचं रबर फाटलं," बशीरभाई म्हणाले. "गाडीचं वय झालं. अन् वरून तुमी मैदानात पिळता तिले."

इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्याला लोखंडाला लोखंड लावून जोडत नाहीत. मधे रबराच्या जाड गाद्या असतात, दोन्ही बाजूंना आणि मागे इंजिनाला धरून ठेवणाऱ्या दांडीला. त्या इंजिनाचा भार पेलतात आणि त्याची थरथर गिळतात. त्या फाटल्या की गिअरबॉक्स जागा सोडतो, आणि नेमक्या वळणावर गिअर सापडत नाही.

दोन दिवसांनी बशीरभाईंनी टेबलावर तीन प्रकार मांडले. पहिलं काळं, कंपनीचं मूळ रबर. दुसरं पॉलीचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, पिवळसर, मधल्या कडकपणाचं. तिसरंही पॉलीचं, लाल. आरतीने अंगठा दाबून पाहिला. काळं दबलं. पिवळं थोडंसं दबलं. लाल दगडासारखं होतं.

"हे लाल कोइंबतूरकडून येते. नुसत्या रेससाठी ज्याईच्या गाड्या आहेत, ते लावतात," बशीरभाई म्हणाले.

"हे लावलं तर?"

"गिअर मक्खनसारखा पडन. इंजिन जागचं हलणार नाही. पण बाई, जे हलणं रबर पिऊन घेते, ते मंग जाईन कुठी? बॉडीत येते. सीटमधे येते. गाडी उभी असली तरी बसणाऱ्याच्या हाडात येते." त्यांनी काळं रबर उचललं. "माहं ऐकत असान तर दोन्ही बाजूनं हे कंपनीचंच टाका. मागच्या दांडीले तेवढं पिवळं. रस्त्याले बी चालते, मैदानाले बी."

"त्यानं वेळ किती सुधरन?"

"लाल लावल्याइतकी नाही." मग त्यांनी विचारलं, "गाडीत कोण कोण बसते रोजचं?"

आरतीच्या डोळ्यांसमोर वहिनीचा कमरेचा पट्टा आला. अगदी स्पष्ट आला, त्याच्या निघालेल्या शिलाईसकट. तिला हेही कळलं की त्या पट्ट्याबद्दल तिने सांगितलं तर बशीरभाई लाल रबराला हात लावणार नाहीत.

"मीच," ती म्हणाली. "एकटीच असते."

"मंग तुमची गोष्ट वेगळी," बशीरभाई म्हणाले आणि लाल रबरं बाजूला काढून ठेवली.

घरी जाताना तिने स्वतःला समजावलं की एप्रिलच्या स्पर्धेपुरतंच आहे. दोन महिने जातील, मग काळं टाकून घेऊ. वहिनी आठवड्यातून एकदाच तर बसतात. या समजावण्याची तिला गरज पडली, तेव्हाच तिला ठाऊक होतं की आपण काहीतरी चुकीचं केलं आहे.

पुढच्या शनिवारी कौशल्या गठ्ठे मागे ठेवून शेजारी बसली. आरतीने गाडी सुरू केली, आणि आरसा थरथरायला लागला. दारातली पाण्याची बाटली गुणगुणू लागली. राजापेठेच्या सिग्नलला गाडी उभी होती, तर सीटमधून मुंग्यांसारखी थरथर वर चढत होती. हायवेला लागल्यावर ती कमी झाली, पण वेग वाढला तसा सगळ्या गाडीत एक घोगरा आवाज भरला. नवा झाल्यापासून तो रस्ता इतका सपाट आहे की दोष द्यायला खड्डाही नव्हता.

"गाडी काहून अशी करून राहिली व?" कौशल्याने जरा मोठ्याने विचारलं.

"रबर नवं आहे, वयनी. बसायले वेळ लागते त्याले."

"असन," कौशल्या म्हणाली. थोड्या वेळाने तिने कमरेमागे हात घातला. मग पिशवीतून टॉवेल काढला, त्याची घडी केली आणि पाठीशी ठेवली. बडनेरा मागे पडलं, पण तिने धर्मेंद्रचं नाव काढलं नाही. त्या आवाजात काही सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि त्या गोष्टी ओरडून सांगायच्या नव्हत्या. मूर्तिजापूरला ती दाराला धरून उतरली आणि चहा येईपर्यंत उभीच राहिली.

असे तीन-चार शनिवार गेले. मैदानावर गाडी सुंदर चालत होती. आरतीच्या हाताने विचार करायच्या आत गिअर पडायचा. क्लबमधले लोक कौतुक करायचे, ती हसायची, आणि संध्याकाळी दुकानासमोर उभी असलेली वहिनी दिसली की तिचं हसू जायचं.

मग एका शुक्रवारी भाकऱ्या थापता थापता कौशल्या म्हणाली, "उद्या मी एसटीनं जाते. बायांले अर्धं तिकीट आहे ना आता. अन् माह्यापायी तुले बी उशीर होते."

"उशीर कायचा? चला ना गाडीनंच," आरती म्हणाली. पण तिने ते ज्या आवाजात म्हटलं त्याला "नको" हेच उत्तर येणार होतं, आणि तेच आलं.

तिला हलकं वाटलं. शेजारी कोणी पाठ सावरत बसलेलं नसेल, टॉवेलाची घडी दिसणार नाही, याचं हलकं वाटलं. लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. पण दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली, आणि त्यानंतरचे सगळे शनिवारही. कौशल्या पहाटेच गठ्ठे घेऊन स्टँडवर जायची. ते उचलून रिक्षात ठेवायला आरती उठायची, तेवढंच.

एप्रिलमधे आरती पहिली आली. अकोला, नागपूर, यवतमाळकडचे सगळे पुरुष मागे टाकून आली. मैदानावर लोकांनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. घरी कौशल्याने बक्षिसाची ढाल दोन्ही हातांनी घेतली, पदराने पुसली आणि टीव्हीशेजारी ठेवली. "त्याईनं गल्लीभर सांगितलं असतं," ती म्हणाली, आणि शेवयांची खीर करायला गेली. आरती पाणी प्यायला आत गेली तर वहिनी गॅससमोर स्टूल ओढून बसून खीर ढवळत होती. पूर्वी ती स्वयंपाक कधी बसून करत नसे. खिडकीत दुखण्याच्या गोळ्यांचं नवं पाकीट होतं. आरतीने ते पाहिलं, पाणी प्यायली आणि बाहेर आली. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

खीर गोड झाली होती. तिला ती गिळवेना.

स्पर्धा झाली होती, रबर बदलायला आता काही आडवं येत नव्हतं. तरी तिने ते बदललं नाही. बशीरभाईंकडे जायचं तर काय सांगून जायचं, हा एक प्रश्न. आणि दुसरं, जे ती स्वतःशीही धड कबूल करत नव्हती: अशी गाडी चालवायची तिला सवय लागली होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ती अकोल्याहून परतत होती. ऊन असं होतं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. बोरगाव मंजूच्या अलीकडे हरभऱ्याच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली उलटली होती आणि वाहनांची रांग लागली होती. उभ्या गाडीत थरथर सोसेना म्हणून आरतीने इंजिन बंद केलं. खिडकीची काच खाली केली, आणि चार गाड्यांपुढे उभ्या असलेल्या एसटीच्या सावलीत तिला वहिनी दिसली.

कौशल्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसली होती. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोक्यावर पदर. शेजारी एक म्हातारी बाई उभी राहून तिच्याशी बोलत होती. आरती उतरून तिथे गेली.

"वयनी, चला. गाडी मागंच आहे."

कौशल्याने तिच्याकडे पाहिलं, मग मागे गाडीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते आरतीने आधी कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात सुई पाहून माणसाचा चेहरा होतो तसा तो झाला.

"नाही व, तू जा," ती घाईने म्हणाली. "रस्ता मोकळा होऊनच राहिला. बस निघते आता."

"तुमची आहे का कोणी?" म्हाताऱ्या बाईने विचारलं. तिचं नाव केशरबाई, ती मूर्तिजापूरला उतरणार होती, हे नंतर कळलं.

"ननंद आहे माही."

"अन् ते गाडी?"

"आमचीच आहे," आरती म्हणाली.

केशरबाईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "अवो बाई, घरची गाडी असून उन्हात बसून राहिल्या? कंबर दुखते म्हणता, अन् बसमधे उभ्यानं येता? मी असती तर निजून गेली असती गाडीत."

आसपासच्या चार माणसांनी वळून पाहिलं. कौशल्या खाली बघू लागली. मग दोन्ही हातांनी गुडघे दाबत उठली आणि गाडीकडे चालू लागली. केवळ लोकांदेखत नणंदेचा अपमान होऊ नये म्हणून ती येत आहे, हे आरतीला समजलं. तिने गठ्ठा उचलला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा जड होता.

रस्ता मोकळा झाला. इंजिन सुरू केलं तशी सीट थरथरली, आणि कौशल्याने डोळे मिटून घेतले. आरती डावीकडच्या कडेने अगदी हळू चालवू लागली. ट्रक हॉर्न मारत पुढे जात होते. थोडं अंतर गेल्यावर एका ढाब्याच्या कडुलिंबाखाली तिने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"वयनी, हे रबर बसायचं नाही," ती म्हणाली. "हे असंच राहणार होतं. मले माहीत होतं."

कौशल्याने डोळे उघडले.

"बशीरभाई नरम लावा म्हणे. गाडीत कोण बसते म्हणून त्याईनं विचारलं बी. मी म्हटलं, एकटीच बसते. तुमचं नाव घेतलं असतं तर त्याईनं कडक लावलं नसतं. म्हणून नाही घेतलं."

 ढाब्यावरचा माणूस पाणी घेऊन आला, आरतीने त्याला हाताने नको म्हटलं.

"म्हणजे हे गाडीचं होतं?" मग कौशल्याने विचारलं.

"हाव."

"मले वाटलं, माहंच ऑपरेशन बिघडलं." ती एकेक शब्द शोधत बोलत होती. "तू म्हटलं, रबर बसन. पुढच्या शनिवारी बी तसंच. मंग मी म्हटलं, गाडी तर नीट झाली असन, आता माह्याच कमरेत काही राहिलं नाही. डॉक्टरले तसंच सांगतलं. त्याईनं गोळ्या वाढवल्या. अन् यंदाची मोठी ऑर्डर मी सोडून देली."

"कोणती ऑर्डर?"

"जूनची. दोन शाळांची होती. मार्चमधेच दुकानदाराले सांगून टाकलं, माह्यानं होत नाही म्हणून. मशीनवर बसाची हिंमतच गेली माही."

वहिनीच्या वर्षाचं निम्मं काम जूनमधे शाळा उघडण्याआधीच्या त्या दोन-अडीच महिन्यांत होतं, हे आरतीला पुरतं माहीत होतं. यंदा घरात मशीनचा आवाज कमी आहे, हेही तिला जाणवलं होतं. उन्हाळा आहे, वहिनी दमत असतील, असं तिने धरून चाललं होतं.

"मले सांगाचं होतं ना, वयनी."

"काय सांगू? त्याईची गाडी तू इतक्या जिवानं चालवते. त्यात बसलं की मले दुखते, हे कोणत्या तोंडानं सांगू?" मग तिने आरतीकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तू सांगाचं होतं."

आरतीने इंजिन सुरू केलं आणि घरापर्यंत गाडी डावीकडच्या कडेनेच नेली.

पुढचे काही दिवस कौशल्या कामापुरतं बोलत होती. भाजी कोणती आणू, गॅस संपत आला, एवढंच. आदळआपट नाही, टोमणा नाही. आरतीला वाटे, तिने एकदा चांगलं झापावं. कौशल्याने झापलं नाही.

आरतीने एक दिवस रजा काढली आणि रेल्वेने अकोल्याला जाऊन गांधी रोडचं दुकान गाठलं. दुकानदार भला माणूस होता. त्याने तिला बसवलं, थंड पाणी दिलं आणि सांगितलं की काम डाबकी रोडच्या दोन बायांना देऊन झालं आहे, त्यांनी कापड कापून शिवायलाही घेतलं आहे. आता त्यांच्या हातातून काढून घेणं बरोबर नाही. पुढच्या वर्षी बघू. तो खरं तेच बोलत होता. आरती उठून स्टेशनकडे निघाली.

संध्याकाळी तिने हे वहिनीला सांगितलं.

"तू माह्या दुकानदाराकडे गेली होती? मले न विचारता?" कौशल्याने विचारलं.

"मले वाटलं, काम परत भेटलं तर..."

"ते माहं काम आहे आरती. सोडलं ते मी सोडलं. मागाचं की नाही ते मी पाहीन." ती ओट्याला टेकून उभी होती. "तू गाडीचं ठरवलं तेव्हा बी एकटीनं ठरवलं. आता मनाले लागलं तर ते बी एकटीच निस्तरून राहिली."

आरतीने ओट्यावरची भांडी आवरायला घेतली. काही वेळाने कौशल्या म्हणाली, "बशीरभाईकडे कधी जातं?"

"तुमी म्हणान तेव्हा."

"रविवारी जाऊ. मी येते संग."

रविवारी बशीरभाईंनी कौशल्याला पाहिलं, तिचा पट्टा पाहिला आणि मग आरतीकडे पाहिलं. आरतीने सगळं सांगितलं. गॅरेजात दुसरी गिऱ्हाइकं होती, तरी सांगितलं. बशीरभाईंनी हातातला पाना पुसून खाली ठेवला.

"मी विचारलं होतं ना बाई," ते म्हणाले. "मी काय जासुसी करून राहिलो होतो? तुमी सांगाल त्यावर आमी काम करतो. वयनीले काही झालं असतं तर मेरे दिल पे भी बोझ रहता." मग कौशल्याला खुर्ची देत म्हणाले, "बसा. आज तुमी सांगाचं, मी लावतो."

आरती म्हणाली, "सगळं कंपनीचं टाका. मागं बी. मले नाही पाहिजे कडक कुठंच."

"थांब," कौशल्या म्हणाली. "तू पुन्हा ठरवून राहिली. मले पाहू दे."

बशीरभाईंनी लाल रबरं काढली. दोन्ही बाजूंना काळं कंपनीचं टाकलं आणि मागच्या दांडीला आधी सांगितलेलं पिवळं. काम दुपारपर्यंत चाललं. मग कौशल्या शेजारच्या सीटवर बसली, आरतीने इंजिन सुरू केलं, आणि तिघांनीही आरशाकडे पाहिलं. आरसा स्थिर होता. वलगावच्या फाट्यापर्यंत जाऊन त्या परत आल्या.

"पायाखाली थोडंसं लागते," कौशल्या म्हणाली. "कमरेत नाही येत."

"ते बी काढू," आरती लगेच म्हणाली.

"काहून काढाचं? मले चालते म्हणते ना मी. मैदानात तुले काही तरी लागन की नाही?" ती थोडी वैतागली होती. "माह्यावर उपकार नको करू. मले विचारलं, मी सांगतलं. झालं."

पिवळं तसंच राहिलं. लाल रबरं बशीरभाईंनी एका पिशवीत घालून दिली. आरतीने ती क्लबच्या एका पोराला देऊन टाकली, ज्याच्या गाडीत खरोखर दुसरी सीटच नव्हती.

ऑक्टोबरच्या स्पर्धेत आरती चौथी आली. गिअर अडला नाही. वळणावर इंजिन किंचित झुलतं, ते तिला कळतं, आणि त्या किंचितपणाचा हिशोब ठेवून ती आता थोडी आधी ब्रेक मारते. लोकांनी विचारलं, मागच्या वेळची गाडी कुठे गेली? ती म्हणाली, "घरचं माणूस बसते तिच्यात."

कौशल्याच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या. बंद झाल्या नाहीत. दुकानदाराने दिवाळीनंतर थोडे हिवाळी गणवेश शिवायला दिले, पुढच्या वर्षी जूनचं काम मात्र निम्मंच मिळालं. डाबकी रोडच्या बायांचा हात चांगला निघाला. कौशल्याने त्याबद्दल आरतीला कधी ऐकवलं नाही, आणि आरतीला ते ऐकवल्यापेक्षा जास्त लागतं. मशीन चालू नसलेल्या दुपारी ती घरी असली की तिला बसवत नाही.

शनिवारी त्या पुन्हा एकत्र जातात. पहिल्या काही वेळा कौशल्या नुसतीच बसून राहिली. मग एकदा कुरुमच्या जवळपास तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, की धर्मेंद्रने एकदा याच रस्त्यावर एका म्हशीच्या मालकाशी तासभर वाद घातला आणि शेवटी त्याच्याच घरी ताक पिऊन आला. आरतीने हसता हसता डोळे पुसले, आणि गाडी चालवताना डोळे पुसू नये म्हणून कौशल्या रागावली.

एक सवय मात्र कौशल्याला लागली आहे, ती अजून गेली नाही. गाडीत कुठे काही खडखडलं, किंवा बसल्या जागी कमरेत सणक आली, की ती बोलता बोलता थांबते. हात मागे नेते आणि विचारते, "हे गाडीचं आहे की माहं?"

आरतीला माहीत असेल तेव्हा ती सांगते. मागच्या शनिवारी मूर्तिजापूरच्या पुढे कौशल्याने तसं विचारलं तेव्हा आरतीला काही ऐकू आलं नव्हतं, काही जाणवलंही नव्हतं.

"माहीत नाही, वयनी. थांबून पाहू," ती म्हणाली, आणि गाडी कडेला घेतली.